नेल्फाच्या नावे तीन खाडे

९ जानेवारी, सोमवार
पाणी कार्यालयात आज पहिला दिवस, आणि स्वारी एकदम खूश! सकाळी सात ते दहा केव्हाही या, आठ तास भरा नि जा. मला हे वरदानच. पक्षाघातानं आईचं बोलणं आणि चालणं गेलंय. मासळीच्या तळ्यांपलीकडे आमचं एकटंच घर, तिला माझ्याशिवाय कुणी नाही. सकाळी पेज भरवते, बाहेरून कुलूप लावते, दुपारी पाणी पाजायला सायकलवरून घरी पळते. काम म्हणाल तर विभागातल्या पाच जणींची हजेरी आणि रजा यंत्रात चढवायची. शेजारच्या टेबलावरच्या नेल्फानं तिच्या डब्यातली तळलेली मासळी मला वाढली.

१० फेब्रुवारी, शुक्रवार
आईला ताप. मी नवी, पहिले सहा महिने रजा नाही. विभागप्रमुख मनांग पेत्रिंगनं मान वर न करता सांगितलं, की महिन्याचे एकूण खाडे जुळले म्हणजे झालं, कुणाच्या नावे हे यंत्र विचारत नाही. इथे सगळ्याजणी एकमेकींचं कार्ड मारतातच. फक्त जिच्या नावे टाकशील तिला आधी विचार, म्हणाली. नेल्फाची ढीगभर रजा पडून आहे. विचारत कोण बसणार! १३, १४, १५ तिच्या नावे टाकले.

१६ फेब्रुवारी, गुरुवार
तीन दिवस आईच्या उशाशी होते. ताप उतरला. यंत्रात मी तिन्ही दिवस हजर.
माझ्या मागोमाग नेल्फा आत आली. ती आज सोमवार समजत होती. हसण्यावारी नेलं असतं, पण तिच्या डब्यातला भात गरम होता, आणि घरचे सांगतात तो सोमवारी भरलेला. मधले तीन दिवस ती कुठेच नव्हती. मंगळवारी तिची मुलगी जोव्हेलिन दोन वर्षांसाठी दुबईला गेली, विमानतळावर शेवटपर्यंत आईची वाट बघत. नेल्फा दिवसभर रडली. मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर फार नाही. माझी आई वाचली.

२८ फेब्रुवारी, मंगळवार
महिन्याच्या पत्रकावर सह्या. नेल्फाचं बोट तिच्या ओळीवरून फिरलं आणि १३ तारखेवर थांबलं. नोंद कुणी केली, ते खाली छापलेलंच असतं. ती ओरडली नाही.
"इंदाय, मार्चचं पत्रक मी भरते गं. आईचं करून तू दमत असशील."

२ मार्च, गुरुवार
काम मला परत द्या म्हणून मनांगच्या मागे लागले. ती म्हणाली, नेल्फानं आधी मागितलंय. आणि तू तिला विचारलं होतंस का?


३ मार्च, शुक्रवार
नेल्फाचे पाय धरले. सगळं सांगितलं. कुलूप. हाक मारता येत नाही. मी नाही गेले तर पाणीसुद्धा— तिनं नीट ऐकून घेतलं. मग मिठाचं प्रमाण विचारावं तसं विचारलं:
"पाण्यावाचून किती दिवस काढेल गं ती?"

६ मार्च, सोमवार
घरी राहिले तरी काय, खाडा पडायचा तो पडणारच. आईला दोन वाट्या पेज जास्त भरवली. भांडं हाताला चटकलं. कुलूप लावलं. कार्यालयाच्या फाटकात उभी आहे. नेल्फा खिडकीतून बघतेय. कार्ड मारते आणि—

भिंतीवर १० तारीख. शुक्रवार. नाही.
हात अजून चुरचुरतोय. आत्ताच तर—
मनांग म्हणाली, आलीस का. खाडे जुळले.

घर. पायरीवर बसून लिहितेय, कारण दार उघडवत नाही. किती हाका मारल्या. तिला बोलता येत नाही, म्हणून उत्तर नाही. म्हणूनच.
कुलूप काढलं.
दार आत ढकलतेय, सरकत नाही. ती तर खाटेवर— ती चालू शकत नाही— आतून दाराला काहीतरी लागलंय, खाली, जमिनीशी—
फटीतून आईची बोटं