देवळात वाचलेली गोष्ट

॥ श्री ॥

जयगड, १३ नोव्हेंबर २०२४

चि. समीक्षा हिस आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी गोष्ट आलेला दिवाळी अंक दिशाने 'ताईची गोष्ट आलीय' म्हणत आणून दिला. तू पाठवायला विसरलीस वाटतं. फोनवर तू नेहमी घाईत, म्हणून लिहिते. छापलेलं नाव बघून अंक आधी देवापुढे ठेवला. काल मंगळवारचं भजन संपल्यावर देवळात सगळ्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवली. घरात डागी आंबेच खायचे, ते वाचताना आपलीच पडवी डोळ्यांपुढे आली. 'आईच्या कार्पण्यावर आम्ही दोघी बहिणी वाढलो' हे वाक्य तर मी दोनदा वाचलं. लवूच्या बायकोने विचारलं, कार्पण्य म्हणजे काय? मी म्हटलं, कष्ट असणार. हायस्कुलातल्या निवृत्त मालनबाई मात्र तेवढ्यात चपला शोधायला उठल्या. नक्की अर्थ कळव, बायकांना सांगेन म्हणून कबूल केलंय. आणखीही दोनचार शब्द अडले. तुझे बाबा बरे आहेत. वेळेवर जेवत जा.

तुझी आई

पुणे, १९ नोव्हेंबर

ती. सौ. आईस शि. सा. न.

अगं, देवळात कशाला वाचलीस? ती नुसती गोष्ट आहे, त्यातली आई म्हणजे तू नव्हेस. शब्द जरा पुस्तकी आहे, भेटल्यावर सांगेन. एकेका शब्दापाशी अडून बसू नये, वाचत पुढे जावं. पुन्हा तिथे तो विषय काढू नकोस, एवढं ऐक. मे महिन्यात येतेच आहे. बाबांना नमस्कार. रागावू नकोस.

तुझी समीक्षा

॥ श्री ॥

जयगड, २७ नोव्हेंबर

चि. समीक्षा हिस आशीर्वाद.

तू कळवलं नाहीस, म्हणून हायस्कुलातून शब्दकोश मागून आणला आणि पूजा आटोपून बसले. कार्पण्य म्हणजे कंजूषपणा. मग बाकीचे अडलेले शब्दही काढले. सगळे माझ्याच वाट्याचे निघाले.

आंबे आपण डागीच खाल्ले, खरं आहे. चांगल्या पेट्या विकून तुझं पुण्याचं वसतिगृह भागलं, ते गोष्टीत बसलं नसेल. दिशा बारावीला थांबली, तीही कधी बोलली नाही.

काल भजनानंतर उभी राहिले आणि कबूल केल्याप्रमाणे अर्थ सांगितला. कुणी हसलं नाही. लवूची बायको म्हणाली, लिहिणाऱ्यांचं काय मनावर घ्यायचं. मालनबाई खाली बघत होत्या. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

ती आई मी नव्हे म्हणतेस. मग तिला साधं कवडीचुंबक का म्हटलं नाहीस? तो शब्द मला येतो. घरातच वाचून अंक मिटून ठेवला असता. मला कळू नये म्हणून तू अवघड शब्द हुडकलास, आणि माझ्या लेकीने चांगलंच लिहिलं असणार म्हणून मी तो चारचौघींत दोनदा वाचला.

मे महिन्यात ये. घर तुझंच आहे. यापुढे माझ्याबद्दल लिहिशील ते मला कळेल असं लिही, वाईट असलं तरी.

आई