कोर्ट उठेपर्यंत

ता. ४ मार्च

चि. वकीलबाईंस,
अ. आ. (सवयीने.)

आज कारखान्यावर कोर्टाची नोटीस आली. हवामानाच्या कायद्याखाली काचभट्टी ताबडतोब बंद करावी, असा अर्ज झालाय म्हणे. तू कधीतरी हे करणार, याची मला कल्पना होतीच. पण अर्जदाराचं नाव वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आई! माझ्या घरात राहणारी, माझ्या बायकोच्या हातचं जेवणारी आई! गेल्या महिन्यात संत्री घेऊन तिला भेटायला आलीस ती सही घ्यायलाच ना?

तुझ्या कायद्याला एवढं तरी कळतं का, की काचभट्टी म्हणजे स्वयंपाकघरातली शेगडी नव्हे? ती विझली की आतली वितळलेली काच थिजते आणि विटा तडकतात. एकदा विझली की संपली. बाबांनी पेटवलेली भट्टी आहे ती. शहरभर फेकलेल्या बाटल्या गोळा करून मी पुन्हा बाटल्या बनवतो, आणि पृथ्वीचा शत्रू मीच! मुकाट्याने अर्ज मागे घे.

आजवर लोभ होता. पुढचं तू ठरव.
दादा


ता. ११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

नमस्कार वाकून केला आहे, मान तुकवलेली नाही.

पृथ्वीचा शत्रू वगैरे म्हणवून उगाच मोठा होऊ नकोस. तू फक्त चालढकल्या आहेस, आणि कंजूष. वस्तीतल्या भट्ट्यांनी कोळसा सोडून विजेवर जायचं, हा कायदा होऊन कितीतरी उन्हाळे गेले. दर वेळी तुझा मुदतवाढीचा अर्ज आणि दर वेळी तीच रड. दारात नवी गाडी मात्र वेळेवर आली. उन्हाळे दिवसेंदिवस अंगावर येतायत आणि जो तो तुझ्यासारखाच म्हणतो, माझ्या एका धुराड्याने काय होतंय. या एका वाक्यासाठीच कायदा करावा लागतो.

अर्जाला ज्याला खरोखर त्रास होतो असं माणूस लागतं. मी राहते दुसऱ्या गावात, मला कोण विचारतो? आई तुझ्या धुराड्याखाली राहते. तिला आडवं झोपता येत नाही, पाठीशी उशा रचून बसल्या बसल्या रात्र काढते. तुझ्या लक्षात तरी आलंय का? कागद वाचून तिने सही केली, मी हात धरला नव्हता. अर्ज मागे घेणार नाही.

वहिनीला नमस्कार, भाचरांना गोड पापा. तुला काही नाही.
बारकी


ता. २ एप्रिल

चि. बारकीस,
आशीर्वाद शिल्लक नाहीत.

आईने माझ्याही प्रतिज्ञापत्रावर सही केली, की भट्टीचा तिला काहीएक त्रास नाही, दमा जुनाच आहे. म्हटलं, आता तुझी जिरली. पण न्यायाधीशांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, एकाच बाईच्या दोन उलट शपथा कशा? वीस तारखेला तिला हजर राहायला सांगितलंय. खोट्या शपथेला शिक्षा असते, असं माझा वकील म्हणतो. तुझ्यापायी आई पिंजऱ्यात उभी राहणार! तिला लिही, की तुझ्या कागदावर न वाचता सही केली म्हण. मी सांगितलं तर उठून आत जाते.

नाइलाजाने तुझाच,
दादा


ता. ६ एप्रिल

ती. दादास,
नमस्काराची घाई नाही.

मी आईला उलटच लिहिलंय. तू बळजबरीने सही घेतलीस असं सांग म्हटलंय, म्हणजे ती सुटेल आणि तू अडकशील. पिंजऱ्यात तिला तू ढकललंस. माझ्या कागदात एक अक्षर खोटं असेल तर दाखव.

बारकी


ता. २२ एप्रिल

ती. दादास,

ऑक्टोबरअखेर भट्टी विजेवर, नाहीतर सील. निकाल ऐकला आणि मी पुढच्या जिन्याने सरळ बस गाठली, तुझं तोंड बघायची इच्छा नव्हती. आईला तू घरी नेलं असशीलच. निदान तिची खोली तरी बदल, धुराड्याच्या बाजूची नको.

पत्राचं उत्तर नको.
बारकी


ता. २२ एप्रिल

चि. बारकीस,

निकाल लागताच मी मागच्या जिन्याने निघालो, भट्टीवर माणसं खोळंबली होती. आईला तू घेऊन गेलीस ते बरंच झालं. जिने माझा कागद भर कोर्टात खोटा ठरवला, तिला आता ठेव तुझ्या शुद्ध हवेत. तिचे कपडे मी पाठवणार नाही, येऊन ने.

दादा


ता. २४ एप्रिल

चि. दादा आणि चि. बारकी,
दोघांना अनेक आशीर्वाद.

मजकूर एकच आहे, पत्रं दोन केली. एकाला पाठवलं तर दुसऱ्याला कळणार नाही.

बारकीचा कागद खरा, दादाचा खोटा, हे मी सांगितलं ते तुम्ही ऐकलंत. खोट्यावर सही का केली ते तिथे सांगवेना. दादा कागद घेऊन आला तेव्हा त्याचे डोळे रडून लाल झाले होते. बाबा गेले तेव्हाही तो रडला नव्हता. भट्टी विझली तर हा पोरगा पुन्हा उभा राहणार नाही, असं वाटलं मला. तुम्ही दोघांनी पढवलेलं मात्र मी काही बोलले नाही. एका दिवसात विझवू नका, पण कोळसा बंद करा, एवढंच म्हटलं. एवढं तुमच्या वकिलांना का सुचलं नाही, देव जाणे.

खोट्या शपथेबद्दल कोर्ट उठेपर्यंत तिथे बसून राहायची शिक्षा मिळाली. बसले. त्याचं काही वाटलं नाही. कोर्ट उठलं, शिपायाने पंखे बंद केले, खिडक्या लावल्या. मी त्याला म्हटलं, माझी दोन्ही मुलं बाहेर थांबली आहेत, जरा हाक मार. तो बाहेर जाऊन आला आणि त्याने मला पाणी दिलं. मग त्यानेच गाडी बोलावली.

माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडे आहे मी. दादाला वाटलं असेल बारकीने नेली, बारकीला वाटलं असेल दादाने. एकमेकांना विचारायला तुमची जीभ उचलणार नाही, हेही मला ठाऊक आहे. रागावले नाही, पण वाईट वाटलं. फार वाटलं.

काळजी नसावी, असं पुढे लिहिणार होते. पण असावी.

तुम्हा दोघांची, आणि सध्या दोघांकडेही नसलेली,
आई