लेकीच्या घरचं पाणी

प्रिय माई,

ती दुपार आठवते का तुम्हाला? पौषातलं ऊन मागच्या ओसरीवर आलं होतं. मध्ये तुरीच्या हिरव्या शेंगांचा ढीग, आणि आपण दोघी जावा सोले काढत बसलो होतो. तुमचं पातेलं भरत आलं तरी माझ्या ताटलीत मूठभरच दाणे होते. माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "काऊन व मडम, तुह्या सिस्टरनं सारं शिकोलं, शेंगा सोलाच्या राहूनच गेल्या काय?"

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून बुलढाण्याच्या घरात नुकतीच आलेली. मला राग यायला हवा होता. पण बोलता बोलताच तुम्ही तुमच्या पातेल्यातले दोन ओंजळी दाणे माझ्या ताटलीत टाकलेत, सासूबाई बाहेर यायच्या आत. त्यानंतर तुमच्या कोणत्याच बोलण्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

आज लिहायला बसले, कारण मी सिल्वासाला आले आहे. तुमच्या लेकीकडे, संध्याकडे. तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि तिने मला सरळ सोबत घेतलं. दमणगंगेच्या काठी एका बागेत बाकावर बसून हे लिहिते आहे. आठ दिवसांत इतकं पाहिलं, पण सांगू कोणाला?

बाहेरून घरात आलं, की चपला काढायच्या आधी तुम्हाला हाक मारायची, ही माझी सवय. आपल्या दोघींचे नवरे पाठोपाठ गेले, माझा मुलगा परदेशी गेला, तरी ती सवय मोडायची वेळ आली नव्हती. गेल्या वर्षी आली. अजूनही भाजी घेऊन आले की तोंडात "माई" येतं आणि मग मी उंबऱ्यात उभी राहते. शेजारच्या मालतीबाई बोलतात, दूधवाला बोलतो, मुलगा रविवारी फोन करतो. बोलणं होतं हो. सांगणं होत नाही.

शाळेत दर रविवारी सिस्टर आम्हाला घरी पत्र लिहायला बसवायच्या. पाकीट उघडंच द्यायचं, त्या वाचून मग चिकटवणार. त्यामुळे माझ्या प्रत्येक पत्रात मी आनंदात असायची. हे पत्र कोणी वाचायचं नाही, तेव्हा खरं तेच लिहिते.

प्रवास लांबचा. घाट उतरून मलकापूर, तिथून गाडीने सुरत, मग वापी. वापीपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखानेच कारखाने. मला वाटलं, संध्या फोनवर ज्या बागांचं वर्णन करायची ते आपल्याला बरं वाटावं म्हणूनच होतं की काय? पण गाव ओलांडलं आणि जंगल सुरू झालं. साग, खैर, बांबू, आणि मध्येच उतारावर आदिवासींची कुडाची घरं. आणि नदी किती रुंद! आपली पैनगंगा बुलढाण्याजवळ निघते तेव्हा मुलंसुद्धा उडी मारून पलीकडे जातात. ही मात्र पुलावरून बघताना संपतच नाही.

बागाही खऱ्याच निघाल्या. एका बागेत मोठं तळं आहे, त्यावर कमानीचे लाकडी पूल, गवताच्या छपराच्या झोपड्या, पाण्यात बदकं. दुसरीत दगडी भिंतींवरून पाणी सोडलं आहे आणि खाली मखमलीसारखी हिरवळ. फिरताना तुमचा आवाज माझ्या कानात होता. वडनेर भोलजीच्या मळेवाल्यांची लेक तुम्ही. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे. "एवढी जागा, एवढं पाणी, आन् वांग्याचं एक झाड नाही?" मी एकटीच हसले. एक बाई वळून बघायला लागली.

इथे एक जुनं चर्च आहे. आत गेले. मेणबत्त्यांचा तो वास, तीच लाकडी बाकं. शाळेतली एक प्रार्थना अजून पाठ आहे, ती तुमच्यासाठी म्हटली. इंग्रजीत होती. चालेल ना?

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते सांगते. ते लिहायचं म्हणून तर एवढं बागांचं वर्णन करत बसले.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न-पाणी आईबापांनी घ्यायचं नाही, हा आपल्याकडचा नेम. बहुतेक जणी बारशापर्यंत पाळतात आणि विसरतात. संध्याला मूल झालंच नाही, आणि तुम्ही तो शेवटपर्यंत पाळलात. ती माहेरी आली की तिला जाऊ द्यायचा नाहीत. तिच्यासाठी काडीवर गव्हाचे सरगुंडे वळायचात, कुरडया घालायचात, कोणी तिकडे जाणारं भेटलं की गाठोडं बांधायचात. पण तुम्ही स्वतः? जावईबापू सुधीरराव न्यायला आले तरी तुमचे गुडघे दुखायचे.

माई, तिने तुमच्यासाठी एक खोली ठेवली होती, हे तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं. मागच्या बाजूला, सकाळचं ऊन येणारी. पलंग मुद्दाम जरा उंच करून घेतलेला. लागूनच न्हाणीघर, त्यात उंच बैठक बसवलेली, भिंतीला धरायला दांडा. मी विचारलं, "हे कोणासाठी ग?" तर म्हणाली, "आईचे गुडघे दुखत ना." एवढंच. मग मला टॉवेल देऊन निघून गेली. त्या खोलीत सध्या मी आहे. दांडा धरून उठताना मला चोरी केल्यासारखं वाटतं.

आई का आली नाही, ते ती मला विचारणार, हे मलकापूरपासून माहीत होतं. गाडीत ती शेजारी झोपली होती आणि मी खिडकीबाहेर बघत उत्तर ठरवत होते. गुडघ्यांचंच सांगायचं, असं ठरलंही होतं. खरं कारण तिला सांगायचं नाही, अशी तुम्ही माझ्या मुलाची शपथ घातली होती ना.

काल संध्याकाळी आम्ही तळ्याच्या बागेत होतो. दर रविवारी ती दोघं तिथे जातात, डबा घेऊन. सुधीरराव चहा आणायला गेले. संध्या बदकांकडे बघत होती. भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली, "काकू, एक गोष्ट खरी सांगशीन?"

"सांग ना."

"आईले माह्या घराचा विटाळ वाटे का?"

"अगं, काहीतरीच काय बोलतेस?"

"मंग काऊन नाही आली? पापड आले, सरगुंडे आले, लोणचं आलं. बाजूवालीची माय येते, महिना महिना राह्यते, दोघी भांडतात बी. मी भिंतीले कान लावून आयकतो त्याहिचं भांडण." हसली, पण थोडंसंच. "मले वाटे, लेकरू नाही झालं म्हून तिनं मले शिक्षा केली. मेली तरी माफ नाही केली."

माई, मी गुडघ्यांचं नाव काढू शकले नाही. "शिक्षा" हा शब्द तिने इतक्या सवयीने उच्चारला, की तो तिच्याजवळ किती वर्षं पडून आहे ते मला कळलं. मी तुमची शपथ मोडली. आमच्या अभयला काही होणार नाही, तुम्हीच त्याला न्हाऊमाखू घातलं आहे, तुम्ही त्याला काही होऊ देणार नाही.

मी तिला त्या दिवसाचं सांगितलं. मी तुम्हाला म्हटलं होतं, "माई, आता कोण पाळतं हे? चला, दोघी जाऊ सिल्वासाला, बागा बघू." तुम्ही कढीपत्ता ओरबाडत होतात. हात थांबला. म्हणालात, "मी गेली आन् त्या घरचं पाणी पेली, म्हंजे मीच मानलं ना, का आता तिले होत नाही? डाक्टर म्हनो, तिची सासू म्हनो, गाव म्हनो. माय म्हनाची नाही." आणि मग, "तिले सांगू नको बाप्पा. तिच्या डोक्शावर माही आशा कायले ठेवतं?"

जसंच्या तसं सांगितलं. तुमच्याच शब्दांत. माझ्या तोंडी तुमची बोली ऐकून ती आधी चमकली.

मग पुन्हा बदकांकडे बघू लागली. पुलावर कोणीतरी फोटो काढत होतं.

"म्हंजे आई लेकराची वाट पाहत होती?"

"हो."

"आन् मी तिची पाहून राह्यली होती." मग म्हणाली, "मी त लेकराचं केव्हाच सोडलं होतं, काकू. दवाखाने बंद केले, आमचं दोघाचं चांगलं चालू होतं. मले आई पाह्यजे होती फक्त."

सुधीरराव चहा घेऊन आले, तिने पेला घेतला, साखर कमी आहे म्हणून त्यांना बोल लावला, आणि आम्ही घरी आलो.

दिवेलागणीला मी खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. ती आली, तांब्याभांडं घेऊन. पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं. माझा पाण्याचा तांब्या खिडकीत भरलेला होताच. भांडं नीट झाकलं आणि गेली.

सकाळी ते पाणी तसंच होतं. तुम्ही प्यायचं ते पाणी मोरीत ओतवेना. मी प्याले, माई. सगळं, घोट घोट. नेम मोडला असेल तर तो माझ्या नावावर घाला.

तुमच्यावर माझा राग आहे, हेही आज सांगून टाकते. तुम्ही आशा सोडली नाहीत, हे मोठंच. पण आशा धरून एक दिवस तिच्या दारापर्यंत आला असतात, अंगणातल्या झाडाखाली बसून आपला डबा खाल्ला असतात, तर नेमही राहिला असता आणि लेकही. हे आपल्या दोघींपैकी एकीलाही का सुचलं नाही? आज या बाकावर बसल्यावर सुचतं आहे. मी आणलेलं थालीपीठ इथेच खाल्लं, तेव्हा सुचलं.

सकाळी चहा घेताना संध्या म्हणाली, "काकू, जाऊ नको. बुलढाण्यात तुले कोण आहे आता?" तसं कोणीच नाही, हे खरं आहे. आणि इथेही, बागा कितीही सुंदर असल्या, तरी दुपारी ती दोघं कामाला गेली की मी खिडकीतून रस्ता बघत बसते. एकटीच आहे मी, इथेही आणि तिथेही. फरक इतकाच, की इथे संध्याकाळी दार उघडतं. मी तिला म्हटलं, एकदा जाऊन यावं लागेल. तुमचं कपाट मी वर्षभर उघडलं नाही. आता उघडते.

कोणाला काय द्यायचं ते मी ठरवलं आहे, तुमची हरकत असेल तर आत्ताच सांगा. लुगडी वडनेरला तुमच्या भावजयीला देते, तीच तेवढी अजून लुगडं नेसते. जरीचं मात्र देत नाही, ते मालतीबाईंच्या सुनेला. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा रोज तीच डबा घेऊन यायची आणि तुम्ही तिला नावं ठेवायचात. मोठं पितळी पातेलंही तिलाच. मागचा मळा मालतीबाई बघतील, बियांच्या पुड्या त्यांच्या हाती देते. दुधी लावताना मांडव उंच घाला असं तुमच्या वतीने बजावते. तुमची विळी मी ठेवणार. देवघरातले देव संध्याला.

आणि ते दुपटं. तुमच्या जुन्या मऊ लुगड्यांचं, चारी बाजूंनी हाताने टीप घातलेलं, संध्याच्या बाळासाठी. ते कपाटात वरच्या खणात आहे, मला माहीत आहे. ते तिला दाखवावं की नाही, याचा मी सकाळपासून विचार केला. शेवटी विचारलंच. मला वाटलं, तिला त्रास होईल, म्हणेल कोणा गरीब बाळंतिणीला देऊन टाक.

ती म्हणाली, "कोणाले देऊ नको. पुरत नाही मले, पन उशीवर टाकीन."

दुपटं मी पोस्टाने पाठवणार नाही, स्वतः घेऊन येईन. आणि दर हिवाळ्यात त्या खोलीत येऊन राहीन, तिच्याशी थोडं भांडेनही, बाजूच्या घरात ऐकू जाईल इतपत. हा माझा शब्द.

तुमची धाकटी जाऊ,
कुमुद