चिमटा काढून आणलेलं रडू

आय, आज मी सेटवर एका बाईचा हात धरला आणि सगळ्या युनिटसमोर तिच्यावर ओरडले. महापेला एक बंद पडलेला कारखाना आहे, त्यात आता मालिकांचं शूटिंग चालतं. मी तिथे लहान मुलांकडून संवाद पाठ करून घेते, त्यांना वेळेवर खायला मिळतंय का ते बघते. आज एका मुलीचा सीन होता. मालिकेत तिचा बाप वारलेला आणि तिने रडायचं. पोरीला रडू येईना. दिग्दर्शक घड्याळ बघायला लागला तशी तिची आई पुढे आली, पोरीचा दंड धरला आणि काखेच्या खाली, आतल्या बाजूला, जिथली कातडी मऊ असते तिथे चिमटा काढला. कॅमेऱ्यात वळ दिसत नाही अशी ती जागा. मला ती कोणी दाखवावी लागत नाही. तूच शोधून काढली होतीस ना?

मी त्या आईचा हात धरला आणि ओरडले, "सोडा तिला." ती म्हणाली, "माझी मुलगी आहे, मी बघते." मी हात सोडला नाही. मग ती मोठ्याने बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुमी मला शिकवणार? तुमी कसली कामं केलीत ते मोबाईलवर दिसतं सगळं." लाइटवाली पोरंसुद्धा गप्प झाली. इतकी वर्षं झाली, तरी त्या वाक्यानंतर जी शांतता होते ती मला ओळखीची आहे. एरवी मी खाली बघते आणि बाजूला होते. आज नाही झाले. म्हटलं, "हो, दिसतं. त्या सेटवर मला कोणी चिमटा काढला नव्हता."

दिग्दर्शकाने चहाचा ब्रेक दिला. मला म्हणाला, "मॅडम, पर्सनल घेऊ नका." मी पोरीला घेऊन बाहेर पायरीवर बसले. ती वेफर्स खात होती. जरा वेळाने तीच म्हणाली, "मावशी, मला रडता येतं. आई घाई करते." हे ऐकलं आणि मला तुझा असा राग आला, की घरी सानपाड्याला येऊन चपला काढल्या आणि तशीच लिहायला बसले. कारण मलाही रडता आलं असतं, आय. तू थांबलीच नाहीस.

तुला आठवत असेल, आपल्या करावेच्या खाडीवर शूटिंगवाले आले होते. त्यांना होडीत न घाबरता बसणारी पोर हवी होती आणि तू मला उचलून पुढे केलंस. मी सहा-सात वर्षांची. थंडीचे दिवस, होडीत साचलेलं पाणी अंगाला चावत होतं आणि तू कॅमेऱ्याच्या बाजूला गुडघाभर चिखलात टॉवेल धरून उभी. प्रत्येक शॉट झाला की मला त्यात गुंडाळायचीस, हाताचे तळवे चोळायचीस. हे मी विसरलेले नाही. पण होडीतल्या बापाला पोर हाका मारते तो शॉट आला आणि मला हसू फुटलं, कारण मेल्याचं सोंग घेऊन पडलेला तो नट हळूच नाक खाजवत होता. तू चिखलातून तरातरा आलीस. "रर गो, रर! बापूस मेलाय तुजा आनि तू हसतंस?" आणि दंडाला तुझी नखं लागली. तो शॉट पहिल्याच टेकला ओके झाला. लोक म्हणाले, काय पोर आहे, डोळ्यांतून खरं पाणी काढते. पिक्चर चालला. गावात माझी मिरवणूक काढली. त्यानंतर प्रत्येक पिक्चरमध्ये माझ्यासाठी रडायचा एक सीन लिहायला लागले, आणि प्रत्येक सीनला तू बाजूला असायचीस.

आणि स्वयंपाकघर. ते तर मी कोणाला सांगितलेलंच नाही. कोलंबीचं कालवण केलेलं असायचं, तू सगळ्यांना वाढायचीस आणि माझ्या ताटात भाताचा अर्धाच ढीग. मी ताट पुढे केलं तर डाव मागे घ्यायचीस. "पुरे आता. पिक्चरवाला सायब बोलला, पोर उंच व्हायला लागली. इतक्यान मोटी नको होव." भाऊ माझ्यासमोर दोनदा भात घ्यायचा. मी भाताकडे बघत बसायची. आई आपल्या पोरीला मोठी होऊ नको म्हणून सांगते, याची तेव्हा तुला, बापाला, आळीतल्या एकाही बाईला लाज वाटली नाही. कोणी म्हटलं नाही, हिच्या पोटाला घाल. त्याच बायका मला मांडीवर बसवून फोटो काढायच्या. माझ्या पैशांतून घरावर स्लॅब घातला तेव्हा तू पेढे वाटलेस आणि सगळ्यांना सांगितलंस, माझ्या पोरीचं नशीब. नशीब कसलं? पोटातली भूक होती ती.

तरी मी मोठी झालीच. तुझा भात काय अडवणार होता? मग काम बंद. अठराव्या वर्षी ऑफिसांतून फिरायची तर म्हणायचे, तुझा चेहरा लोकांच्या डोक्यात लहान पोरीचा बसलाय, आम्ही तुला हिरोईन कशी करणार? दुकानात लोक मला माझ्या त्या पहिल्या भूमिकेच्या नावाने हाका मारायचे आणि गाल ओढायचे. गाल ओढायचे, आय, विशी ओलांडलेल्या बाईचे! शाळा तुम्ही अर्ध्यात सोडवलेली. दुसरं काही येत नव्हतं. अशात एक माणूस भेटला, तो सकाळच्या शोला लागतात तसले, फक्त मोठ्यांसाठीचे स्वस्तातले पिक्चर काढायचा. त्याने पहिल्याच भेटीत सरळ सांगितलं काय करावं लागेल आणि म्हणाला, "विचार करून सांगा. नको असेल तर नको." चोवीस वर्षांची होते मी. विचार केला आणि हो म्हटलं. मला कोणी फसवलं नाही, पळवलं नाही. मला दारू पाजून ते काम करून घेतलं, ही गावात तुम्ही पसरवलेली गोष्ट खोटी आहे. तुम्हाला ती बरी वाटली, कारण तिच्यात मी बिचारी होते.

तिथलं काम काही सुखाचं नव्हतं. मढच्या एका कुबट बंगल्यात शूटिंग, एकच बाथरूम, मेकअप घामाने ओघळायचा. गोष्टीला शेंडा नाही बुडखा नाही. पण प्रत्येक शॉटच्या आधी तो माणूस विचारायचा, "चालेल का?" मी एकदा नाही म्हटलं. त्याने कॅमेरा फिरवला आणि भिंतीवरच्या सावल्या घेतल्या. नाही म्हटल्यावर काहीच झालं नाही, हे मला इतकं नवं होतं की त्या दिवशी मी दोनदा भात घेऊन जेवले. चीड वेगळ्या गोष्टीची आहे. पुढे थिएटरवाल्यांनी माझ्या पिक्चरच्या मधेच दुसऱ्याच बाईच्या फिल्मचे तुकडे जोडले. मी कधी केलंच नाही ते माझ्या नावावर दाखवलं. आणि पोस्टरवर माझं नाव टाकलं नाही, त्या लहानपणीच्या भूमिकेचं नाव टाकलं, खाली लिहिलं की ती आता मोठी झाली आहे. ते नाव विकायचा हक्क त्यांना कोणी दिला? मी भांडायला गेले तर दारावरचा माणूस हसला. बाहेर रांगेत करावेचे दोघं होते. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं, तिकिटं मात्र खिशात घातली.

ते पोस्टर तू उरणला पाहिलंस. मावशीकडे हळदीला गेली होतीस, एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर ते होतं. तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, म्हणजे ते नाव तुला कोणीतरी वाचून दाखवलं. कोणी? त्या माणसाला तू विचारलंस का, तुला कसं ठाऊक आतमध्ये काय आहे? मी पुढच्या आठवड्यात घरी आले तेव्हा तू दारात उभी राहिलीस. पदर डोक्यावर, हात चौकटीवर. "घरान पोरींची लग्ना व्हायाची हायत. हिकरं नको येव." मी म्हटलं, आय, निदान पाणी दे. तू आत गेलीस. मी उभी राहिले. पाणी भावाच्या बायकोने आणून दिलं आणि तुझ्याकडे बघत बघत पेला परत घेतला. डोक्यावरचा स्लॅब माझा आणि मी उंबऱ्याच्या बाहेर.

मोठ्या बाईने स्वतःच्या मर्जीने, समजून उमजून केलेलं काम, त्याची तुला लाज. आणि सात वर्षांच्या पोरीला तिला न विचारता बर्फासारख्या पाण्यात बसवलं, नखं लावली, उपाशी ठेवलं, त्याचे पेढे. हा कसला हिशेब तुमचा? मला हे तोंडावर विचारायचं होतं. तू आजारी पडलीस तेव्हा येते म्हटलं, भावाने सांगितलं तुला त्रास होईल. तू गेलीस त्या सकाळी त्याचा फोन आला. रडत होता, पण रडता रडताही म्हणाला, "ताई, आज नको येऊ. लोकं हायत. उद्या ये." करावेला पोचायला मला कितीसा वेळ लागतो? मी गेलेच. आळीच्या तोंडाशी, जिथे आता गाड्यांचं पार्किंग आहे, तिथे उभी राहिले. तुला समोरून नेलं. भाऊ बघून न बघितल्यासारखा पुढे गेला. मी तिथून हलले नाही, पुढेही झाले नाही.

मघाशी त्या पोरीच्या आईचा फोन आला होता. आवाज खाली आलेला. म्हणाली, "मॅडम, मी तुमाला तसं बोलायला नको होतं." मी म्हटलं, मला काय बोललात ते सोडा, पोरीला काय म्हणालात? ती म्हणाली, "झोपलीय. उठली की बोलते." सीन शेवटी पाठमोरा घेतला म्हणे, पोर खिडकीत उभी आहे एवढंच. बघणाऱ्यांना कळेल तेवढ्यात. मला तिथे परत बोलावतील का, माहीत नाही. नाही बोलावलं तरी चालेल.

तुझ्याकडून एवढा एक फोन यायला हवा होता. तो आला नाही आणि आता कोणी हे तुला वाचूनही दाखवणार नाही. भावाकडे दिलं तर तो न उघडता कपाटात ठेवून देईल. तेव्हा हे माझ्याकडेच राहील.

एक सांगते आणि थांबते. तो पहिला पिक्चर अजून कधीतरी दुपारी टीव्हीवर लागतो. कोणी घरात असलं की मी म्हणते, बंद करा, कंटाळा आलाय त्याचा. त्यात जत्रेचा सीन आहे. माणसं कमी पडली म्हणून त्यांनी तुला गर्दीत उभं केलं होतं आणि बजावलं होतं, कॅमेऱ्याकडे बघू नका. तू सरळ कॅमेऱ्यात बघतेस आणि हसतेस. घरात एकटी असले की मी तिथपर्यंत बघते.