एक माप मोठ्या बांगड्या

सिस्टर, आज कणीक मळायला बसले आणि नेहमीप्रमाणे आधी बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या. लेक हसली. म्हणाली, "आई, आता तर रिटायर झालीस, आता कोण ओरडणार आहे तुला?" मग दिवसभर तुम्हीच डोक्यात.

लग्नानंतर आठवड्याभरात मी लेबर रूममध्ये ड्युटीवर आले, तेव्हा कोपरापर्यंत हिरवा चुडा होता. तुम्ही इन्चार्ज. दारातच अडवलंत. "काकणाखाली पाणी पोचत नाय. तिथं राहिलेली घाण बाळंतिणीच्या अंगात जाती. काढ, नायतर बाहेर बस." चुडा इतका घट्ट की निघता निघेना. फुटला तर अपशकून म्हणून मी रडकुंडीला आले. तुम्ही नळाखाली माझे हात धरलेत, साबण चोळत एकेक बांगडी उतरवलीत. एकही फुटू दिली नाहीत. तोंडानं मात्र मला झाडणं चालूच होतं!

घरी माझे मोकळे हात बघून आकाशपाताळ एक झालं. सासूबाईंनी निकाल दिला, नोकरी सोड. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा द्यायचाच ठरवून आले होते. तुम्हाला तसं सांगितलं. ड्युटी सुटल्यावर माझ्याबरोबर रिक्षात बसलात आणि थेट औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरी.

सासूबाई चुलीवरच्या दुधासारख्या उतू जाताहेत, "सवाष्णीनं रिते हात करून बाळंतिणीला शिवायचं व्हय?" आणि तुम्ही शांतपणे चहा पिताय. कप खाली ठेवून म्हणालात, "मावशी, उद्या तुमची सून आमच्याकडंच बाळंत व्हणार. तवा तिला शिवणाऱ्या हातात काकणं पायजेत का साबण?" मग तुम्ही पिशवीतून हिरव्या बांगड्या काढल्यात, माझ्या हाताहून एक माप मोठ्या. "दारात काढायच्या, दारात घालायच्या. फुटायचा सवालच नाय." सासूबाईंनी त्या स्वतः माझ्या हातात भरल्या. माझी नोकरी त्या दिवशी वाचली. आमचं घर पुढं त्या पगारावरच उभं राहिलं.

वर्षभरानं मी त्याच लेबर रूममध्ये, बाळंतपणाच्या टेबलावर. कळा सोसवेनात आणि तुम्ही आपल्या नळाशी, बोटांच्या बेचक्या घासत. मी ओरडले, "सिस्टर, बाळ आलं की!" तुम्ही मागे वळून न बघता म्हणालात, "येऊ दे. सोच्छ हातात येईल." बाहेर सासूबाई आत शिरणाऱ्या प्रत्येक नर्सला अडवून विचारत होत्या, "हात धुतले का गं? बांगड्या काढल्यास का, दाखव बरं!" नंतर ते सांगताना तुम्ही पोट धरून हसला होतात. सिस्टर, मी तुमची फार ऋणी आहे. हे तुमच्यासमोर कधी बोलायला धजले नाही.

तुम्ही हे जग सोडून गेलात, आता बिडकीनच्या तुमच्या घराला कुलूप आहे. हे पत्र टाकायचं तरी कुठं? लेकीला मी सांगितलं की बांगड्यांत कणीक अडकते. ते काही खरं नाही, माझ्या सैल बांगड्या कोपराकडं सरकतात, कणीक कुठली अडकायला! त्या काढून ठेवल्या की तुम्ही मागं उभ्या राहून माझे हात बघताय असं वाटतं, म्हणून काढते.