वृंदाचा तात्पुरता पॅच

९ मार्च, सोमवार
केतकीचा पॅच रिव्ह्यूला आला. पुण्याच्या ऑफिसातली नवी मुलगी, हुशार आहे. विषय : हायपरवायझरमध्ये इंटरप्ट, म्हणजे डिव्हाइसकडून येणारे निरोप, हरवू नयेत म्हणून घातलेला तात्पुरता उपाय काढून टाकणे. तो उपाय वृंदाचा, माझ्या बायकोचा. ती गेल्यापासून तो भाग माझ्याकडे आहे, म्हणजे हो की नाही ते मीच म्हणायचं. २७ तारखेपर्यंत.
उघडला. कोडमधल्या काढायच्या ओळी लाल रंगात दिसतात. पानभर लाल. बंद केला.

१० मार्च
पुन्हा उघडला. वर वृं.ची कॉमेंट : ‘तात्पुरतं. खरं कारण सापडलं की काढा.’
चार वर्षं झाली. कारण शोधायचं राहून गेलं. आधी रिलीज, मग दुसरं रिलीज, मग तिचं आजारपण.

११ मार्च
पुण्याचं घर सोडून इथे गावाकडे आलो, त्या पहिल्या मार्चमध्ये तिने हे लिहिलं. पडवीत बसून. एकीकडे ओले काजू सोलत होती. सालीतल्या डिकाने बोटं सोलवटली, तरी तशीच टाइप करत होती. मी म्हटलं, कीबोर्ड खराब होईल. म्हणाली, “बोटांचं काही नाही, कीबोर्डाचं दुःख!”
तिच्या लॅपटॉपच्या एंटरवर अजून काळा डाग आहे.

१२ मार्च
कामाचं लिहितो, डोकं जागेवर येईल.
हायपरवायझर म्हणजे एका खऱ्या मशीनमध्ये अनेक आभासी मशीनं, म्हणजे गेस्ट, चालवणारं सॉफ्टवेअर. असं गेस्ट मशीन थांबवून ठेवलेलं असताना डिस्कने ‘काम झालं’ म्हणून कळवलं, तर ते मशीन पुन्हा सुरू होताना तो निरोप मधल्या मध्ये पुसला जायचा. मग गेस्ट वाट बघत बसायचा, कायमचा. वृं.चा उपाय साधा : सुरू होताना दर वेळी सगळ्या डिव्हाइसना विचारायचं, कुणाचं काही राहिलंय का. वेळ जातो, पण हरवत काही नाही. केतकीचं म्हणणं, तिला मूळ कारण सापडलंय, आता हे विचारणं नको.
वाचून तरी तिचं बरोबर वाटतं. दोनदा वाचलं.

१३ मार्च
केतकीचा फोन.
“सर, तुम्ही काहीच बोलला नाहीत.”
“वाचतोय.”
“काही चुकलंय का?”
“वाचतोय अजून.”
शेवटी तिनेच ‘ओके सर’ म्हणून ठेवला.

१५ मार्च, रविवार
दापोलीहून आईंचा, म्हणजे वृं.च्या आईंचा फोन. दर रविवारी असतो. २८ ला वृं.चं वर्षश्राद्ध, त्याआधी त्यांना इकडे आणायचंय. “मी येईन हो एकटी एसटीने, म्हातारी झाले म्हणून काय पार्सल झाले?” म्हटलं, मीच येतो.
काम काय चाललंय विचारलं. सांगितलं.
“म्हणजे ते बेड्यावर, फाटकाशी, कुणी हाक मारली नि आपण विहिरीवर असलो, तेच ना? वृंदीने सांगितलं होतं मला. घरात आल्यावर सगळ्यांना विचारायचं, मला कोण हाक मारत होतं.”
“हो, तेच.”
“मग आता ते विचारायचं नाही?”
“आता हाक ऐकू येईल असं केलंय म्हणतात.”
“बरं आहे की मग,” म्हणाल्या. “जेवलात ना?”

१७ मार्च
दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट नाही. सावंतकाका कुंपणापलीकडून, “काय हो, लाईट गेली म्हणजे हापिस सुटलं तुमचं!” त्यांच्या आंब्याच्या कलमांना यंदा फळ कमी, तरी ते खुशीत.
बसल्या बसल्या एक लक्षात आलं. हा बग पुण्याला कधीच दिसला नव्हता. तिथे लाईट जात नाही. इथे गेली की यूपीएस पुरावा म्हणून आम्ही टेबलाखालच्या मशीनवरचे गेस्ट थांबवायचो, आली की सुरू करायचो. त्यातच तो सापडला. केतकीने तसं करून पाहिलंय का?

१८ मार्च
नाही पाहिलेलं.
“सर, आमच्याकडे आठवडाभर चालवलं, एकदाही अडकलं नाही.”
“तुमच्याकडे जनरेटर आहे.”
हसली. मग म्हणाली, “पण कस्टमरकडे थोडीच लाईट जाते?”
“गेस्ट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवतानाही थांबवतातच ना.”
“...हो.”
तिचा पॅच घरच्या मशीनवर घातला. थांबव, सुरू कर, थांबव, सुरू कर. चहा करून येईपर्यंत गेस्ट अडकला होता.
आनंद झाला. तो आनंद कसला, ते बघायला थांबलो नाही.

२१ मार्च
संध्याकाळी स्कूटरवरून आरे-वारेच्या समुद्रावर. वर्षभरात गेलो नव्हतो. वृं. मागे बसून बोलायची, वाऱ्यात निम्मं ऐकू यायचं नाही, आणि मी नुसतं ‘हं’ म्हणायचो. एकदा म्हणाली, “आत्ता कशाला हं म्हणालास सांग.” मी पुन्हा ‘हं’ म्हटलं. हातखंब्याला चहा पिईपर्यंत बोलली नाही. चहा झाल्यावर तिलाच आठवेना, ती काय म्हणाली होती ते.
आज वारा तेवढाच होता.

२३ मार्च
केतकीचा दुसरा प्रयत्न आला. चूक बरोबर पकडलीय. निरोप पुसायची ती जागाच काढून टाकली. मला नि वृं.ला, दोघांनाही दिसली नव्हती ती जागा.
वाचून हरकत घेण्यासारखं काही सापडलं नाही. कोडमधल्या नावांवर एक शेरा मारला, तो नंतर पुसला.

२४ मार्च
केतकी : “सर, एक बोलू का? तुम्हाला नको असेल तर नका हो म्हणू. मी पुढच्या रिलीजला ढकलते. सगळे समजून घेतील.”
चांगल्या मनाने म्हणाली. पण सगळे. म्हणजे सगळ्यांचं आधीच ठरलंय, की मी कशासाठी अडवतोय. १८ ला अडवलं ते तरी कामासाठी होतं. आत्ताचं मलाच नक्की सांगता येत नाही.
म्हटलं, “ढकलू नकोस. गुरुवारी दिवसरात्र चालवू. शुक्रवार सकाळपर्यंत टिकलं तर माझं हो.”
वृं. असती तर एवढंही थांबू दिलं नसतं. ‘माझं तात्पुरतं अजून तसंच ठेवलंयस?’ म्हणाली असती.

२६ मार्च, गुरुवार. दापोली
सकाळी घरच्या मशीनवर टेस्ट सुरू करून एसटीने निघालो. दापोलीत उतरेपर्यंत ठीक होती, केतकी पुण्याहून बघतेय. आईंनी काजूची उसळ केली होती. जेवायला दोघंच.
दिवेलागणीला केतकीचा मेसेज : ‘सर, तुमचं मशीन उत्तर देत नाही. काहीच पोचत नाहीये. टेस्ट अडकल्याने असं झालं की तिकडे लाईट गेलीय?’
दोन्ही शक्य आहे. यूपीएस जेमतेम अर्धा तास.
आईंना सांगितलं. “मग सावंतांना फोन करा ना, लाईट आहे का म्हणून. दोन मिनिटांचं काम.”
फोन हातात घेतला. नंबरही काढला.
“दोन्हींतलं कुठलं झालेलं तुम्हाला हवंय?” आईंनी विचारलं. मी फोन खाली ठेवला. त्यांनी दिव्याची वात पुढे सारली.
सावंतांना फोन केला नाही. केतकीला लिहिलं, उद्या घरी पोचल्यावर बघून सांगतो. उद्या दुपारपर्यंत काहीच ठरलेलं नाही, वृं.च्या ओळी तोवर आहेत तिथेच. तेवढं बरं वाटलं.