निमिषला पाहायला येण्याबाबत

सातारा, १० डिसेंबर १९९६

आदरणीय वामनराव व्याही यांस,

गंगाधरचा सप्रेम नमस्कार. सांगलीस आपण उभयता ठणठणीत असालच (असावेच, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे). पुढच्या रविवारी आपण सर्वजण जीप करून नातवाला पाहायला येणार असे कळले. एवढी आपुलकी पाहून मन भरून आले.

निमिष आता बरा आहे. गेल्या महिन्यात त्याला साधी सर्दी झाली आणि दोन दिवसांत छाती भात्यासारखी चालू लागली. चार वर्षांचे पोर "आबा, मला" एवढेच म्हणे आणि धापा टाकत माझ्याकडे बघत राही. खरे सांगतो, त्याला उचलून अनवाणीच धावलो. दवाखान्यात मशिनने औषधाची वाफ दिली तेव्हा कुठे श्वास ठिकाणावर आला. डॉक्टर म्हणाले, हा दमा आहे. एरवी कळतही नाही, पण सर्दीचा विषाणू शिरला की उसळतो. पोराला दुसऱ्यांच्या सर्दीपासून जपा.

आता जपायचे कसे? घरी आणताच माणसांची रीघ लागली (आजाऱ्याला पाहायला गेले नाही तर आपल्यात जन्मभर ऐकून घ्यावे लागते). आमच्या जुन्या शेजारीण हरणाबाई उंब्रजहून नाक ओढत आल्या. निमिषला मांडीवर घेऊन, "आवं, दमाबिमा काय न्हाई, नुसती सर्दी हाय. मला न्हाई व्हय झाली?" असे म्हणत त्यांनी त्याचे पटापट मुके घेतले. निमिष पुन्हा दवाखान्यात! ही बातमी पसरल्यावर दुप्पट माणसे आली, त्यांतली निम्मी खोकत होती. घरात संत्र्यांचा ढीग लागला आणि निमिष तिसऱ्यांदा वाफ घेऊन आला. लोकांची माया काही त्याला झेपेना.

तरी आपण अवश्य यावे. घर आपलेच आहे.

आपला,
गंगाधर

ता. क. येऊ नये. फोनवर विहीणबाईंचा खोकला सूनबाई सुहासिनीने ऐकला आहे. व्याह्यांना नको म्हणण्याची आमच्यात रीत नाही, पण ती शेवटी आपलीच मुलगी. दारातून परत पाठवील.

आणखी एक. सकाळपासून मलाही शिंका येत आहेत. धुळीच्या आहेत म्हणून सांगून पाहिले, पण तिने माझी पिशवी भरून ठेवली. मी वाद घालणार होतो, मात्र पिशवीत घाईने निमिषचा स्वेटरही गेलेला दिसला, तो काढून तिला दिला आणि पिशवी दाराशी नेऊन ठेवली. परवाच्या एसटीने आपल्याकडे राहायला येतो. तिथे मला पाहायला कोणी आले तर खुशाल येऊ द्यावे.